बाभूळ : तिचे नाव आणि तिचे घराणे

नांदेडहून लातूरकडे जाणारा रस्ता लोह्यावरून आणि पुढे माळेगावावरून जातो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, मधूनमधून मुरमाड माळ, आणि शेताच्या बांधावर, नाल्याच्या काठावर, तळ्याच्या पाळीवर उभी असलेली बाभूळ. हे झाड कोणी हौसेने लावलेले नसते, त्याला कोणी पाणी घातलेले नसते. आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणी निरखून पाहतही नाही. आंब्याची कलमे कोठून आणली हे मनुष्य अभिमानाने सांगतो, पण बांधावरची बाभूळ कोठची असे कोणी विचारीत नाही. ती जणू जमिनीबरोबरच आलेली.

या उपेक्षित झाडाच्या नावावरून जगातील वनस्पतिशास्त्रज्ञांमध्ये अलीकडे मोठा वाद झाला, तो व्हिएन्ना येथे २००५ साली मतदानाला गेला, आणि त्यात बाभळीने आपले सुमारे दोन हजार वर्षांचे नाव गमावले, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक नसेल. वादात एका बाजूला ऑस्ट्रेलिया होती आणि दुसऱ्या बाजूला मुख्यतः आफ्रिका. कारण आपण जिला अस्सल गावरान समजतो ती बाभूळ सेनेगलपासून ईजिप्तपर्यंत आणि खाली थेट दक्षिण आफ्रिकेतील नाताळच्या प्रदेशापर्यंत आढळते. लोह्याच्या शेतकऱ्याला ती जितकी घरची, तितकीच ती तेथील झुलू गुराख्यालाही घरची आहे.

प्रथम झाड नीट ओळखले पाहिजे. बाभूळ हा मध्यम उंचीचा वृक्ष असून चांगल्या जमिनीत तो पंधरा मीटरपर्यंत वाढतो. खोडाची साल काळपट तपकिरी, तिला उभ्या खोल भेगा. आतले लाकूड कापताक्षणी गुलाबीसर दिसते व हवा लागली म्हणजे लालसर तपकिरी होते. पान पिसासारखे दोनदा विभागलेले असते : मधल्या देठावर चारपासून आठ-नऊपर्यंत उपशाखांच्या जोड्या, आणि प्रत्येक उपशाखेवर दहा ते पंचवीस जोड्या इवल्या दलांच्या. एक दल चारपाच मिलिमीटरांहून मोठे नसते. उन्हाळ्यात पानांतून होणारा पाण्याचा व्यय कमी राखण्यास ही बारीक चिराचिरांची रचना उपयोगी पडते. पावसाळा सुरू झाला की पानांच्या बगलेत सोनेरी पिवळे गेंद दिसू लागतात. हा गेंद म्हणजे एक फूल नव्हे; तो शेकडो केसरांनी भरलेल्या अनेक चिमुकल्या फुलांचा झुबका होय. पाकळ्या इतक्या लहान की त्या शोधाव्या लागतात. डोळ्यांना दिसतो तो केवळ केसरांचा पिसारा. गेंदाच्या देठाच्या साधारण मध्यावर दोन लहान छदे असतात. ही खूण सामान्य पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही, परंतु शास्त्रज्ञ तिला महत्त्व देतात.

काट्यांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा वाद समजण्याची किल्ली तेथेच आहे. गुलाबाचा काटा हा सालीवरचा उंचवटा असतो. अंगठ्याने दाबला तर तो सालीसकट निघून येतो. बाभळीचा काटा तसा नव्हे. पानाच्या बुडाशी दोन बाजूंना जी दोन उपपर्णे असतात, त्यांचेच रूपांतर होऊन ते काटे झालेले असतात. म्हणून ते नेहमी जोडीने येतात, सरळ असतात आणि त्यांच्यामध्ये पानाची जागा असते. कोवळ्या झाडावर हे काटे पांढरे व पाच सेंटिमीटरपर्यंत लांब असतात. झाड जुने झाले, शेंडा गुरांच्या तोंडापलीकडे गेला, म्हणजे वरच्या फांद्यांवर ते आखूड होतात किंवा नाहीसेही होतात.

शेंग तर या झाडाची सहीच म्हणावी. पंधरा सेंटिमीटरांच्या आसपास लांब, करड्या पांढुरक्या मखमलीने मढलेली, आणि प्रत्येक दोन बियांच्या मध्ये आवळलेली. माळेत मणी ओवावेत तशी ती दिसते. पिकल्यावर ती आपोआप उकलत नाही. चैत्र-वैशाखात, वैरण संपत आली असता, ती झाडाखाली पडते. शेळ्या-मेंढ्या ती खातात आणि कठीण कवचाच्या बिया त्यांच्या पोटातून जाऊन दूरवर पडतात. पोटातील रसांनी कवच मऊ झालेले असल्यामुळे अशा बिया लवकर रुजतात. वनखात्यातील अनुभवी माणसे बाभळीच्या पेरणीसाठी शेळ्यांच्या कोंडवाड्यातील बी पसंत करीत असत, त्याचे कारण हेच.

आता बाभूळ नव्हे ते कोणते, हेही पाहावे. मराठवाड्यातील पडीक जमिनीवर, तळ्यांच्या पोटात आणि रस्त्यांच्या कडेला आज जे काटेरी रान माजलेले आहे ते बहुतांशी वेड्या बाभळीचे. ही अमेरिका खंडातून आलेली. भारतात तिचे बी १८७७ च्या सुमारास आणले गेले. तिची फुले गोल गेंदात नसून लांबट तुऱ्यात येतात आणि शेंग पिवळसर, सरळ व गोड असते. माळेसारखी आवळलेली नसते. बाभूळ म्हणून आपण तिला नावात सामावून घेतले, एवढेच. उलट हिवर हा बाभळीचा खरा भाऊ : साल फिकट, फुलांचे पांढुरके लहान गेंद फांद्यांच्या टोकांशी मोठ्या झुपक्यांत, पण काटे तसेच सरळ, जोडीचे, उपपर्णांचे. खैर दिसायला जवळचा वाटतो, तथापि त्याचे काटे आखूड व मांजराच्या नखासारखे वाकडे असतात आणि ते उपपर्णांपासून झालेले नसतात. त्याची फुले लांब कणिशात येतात. शिकेकाईची वेल खैराच्या बाजूची. तिची फुले मात्र गोल गेंदात असतात, त्यामुळे केवळ फुलावरून निर्णय करणारा तेथे फसतो.

या सर्वांना पूर्वी एकाच घराण्यात घातले होते, आणि त्या घराण्याचे नाव होते अकेशिया. हे नाव आले कोठून? ग्रीक भाषेत ‘अकिस’ म्हणजे टोक, अणी. ईजिप्तमधील एका काटेरी झाडाला आणि त्याच्या शेंगांपासून काढलेल्या तुरट रसाला ग्रीक वैद्य ‘अकाकिया’ म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील डायोस्कोरिडीझच्या औषधिग्रंथात त्याचे वर्णन आहे. ते झाड म्हणजे नाईलकाठची बाभूळ. याचा अर्थ असा की, अकेशिया हे नाव मुळात बाभळीचेच. इतरांना ते बाभळीच्या नात्याने मिळाले.

आधुनिक नामकरणाचा आरंभ लिनीयस या स्वीडिश पंडिताच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून धरतात. त्याने बाभळीला लाजाळूच्या घराण्यात, म्हणजे मिमोसात घातले होते. पुढच्याच वर्षी लंडनच्या फिलिप मिलर याने अकेशिया हे स्वतंत्र घराणे मांडले. पुढे बाभळीला अकेशिया अरेबिका म्हणू लागले. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील थिओडोर कुकच्या ग्रंथात हेच नाव आहे, आणि आपल्याकडील जुन्या वैद्यकीय व शेतकीच्या पुस्तकांतही तेच सापडेल. नंतर नियमाप्रमाणे अगोदरचे विशेषनाम ग्राह्य धरून अकेशिया निलोटिका हे नाव रूढ झाले. निलोटिका म्हणजे नाईल नदीची. गोदावरीच्या खोऱ्यातील झाड नाईलचे नाव मिरवते यात गैर काही नाही. झाडाचे ज्ञान ज्या वाटेने पसरले ती वाट नावात राहून गेली.

दरम्यान घराणे फुगत चालले होते. इंग्रज शास्त्रज्ञ जॉर्ज बेंथॅम याने एकोणिसाव्या शतकात त्याची मर्यादा आखली : ज्यांचे केसर असंख्य आणि एकमेकांपासून सुटे ते अकेशिया. या व्याख्येत बाभूळही बसली, खैरही बसला आणि ऑस्ट्रेलियातील जवळजवळ हजार जातीही बसल्या. या ऑस्ट्रेलियन झाडांना बहुधा काटे नसतात. पुष्कळांना मोठेपणी खरी पाने देखील नसतात. पानाचा देठच चपटा होऊन पानाचे काम करतो. आपल्याकडे वनीकरणात सर्रास लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ पाहावी. तिची विळ्यासारखी वाकलेली हिरवी पाने म्हणजे वस्तुतः देठ होत.

इतकी भिन्न झाडे एका घराण्यात कशी, ही शंका जुनीच होती. ऑस्ट्रेलियाच्या लेस्ली पेडली याने १९८६ साली घराण्याचे तीन भाग करावेत असे सुचविले. पुढे झाडांच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य वाचण्याची विद्या आली आणि शंकेचे रूपांतर निर्णयात झाले. बाभूळ आणि ऑस्ट्रेलियन अकेशिया ही जवळची भावंडे नाहीतच. ऑस्ट्रेलियन झाडे बाभळीपेक्षा शिरीष आणि विलायती चिंच यांना अधिक जवळची आहेत. बाभूळ, हिवर यांचा एक गट. खैर, शिकेकाई यांचा दुसरा. ऑस्ट्रेलियातील झाडांचा तिसरा. आणि अमेरिकेतील आणखी दोन लहान गट. घर वाटून घेणे अपरिहार्य झाले. प्रश्न उरला तो एवढाच, की वडिलोपार्जित नाव कोणाकडे राहावे?

वनस्पतिशास्त्रात याला स्पष्ट नियम आहे. प्रत्येक घराण्याची एक प्रमाण-जाती ठरलेली असते. घराणे कितीही फुटले तरी नाव त्या प्रमाण-जातीबरोबर जाते. मग ती ज्या गटात असेल तो गट लहान असो वा मोठा. अकेशिया घराण्याची प्रमाण-जाती होती बाभूळ. म्हणजे नियमाप्रमाणे अकेशिया हे नाव बाभळीच्या सुमारे एकशेसाठ जातींच्या गटाकडे राहावयाचे, आणि हजार ऑस्ट्रेलियन जातींना रॅकोस्पर्मा हे नवे नाव घ्यावे लागावयाचे.

यावर ऑर्चर्ड आणि मॅस्लिन या दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी २००३ साली असा प्रस्ताव मांडला की, प्रमाण-जातीच बदलावी. बाभळीऐवजी एक ऑस्ट्रेलियन जाती प्रमाण धरावी, म्हणजे कमीत कमी नावे बदलतील. त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. हजार नावे बदलणे म्हणजे वनखाती, रोपवाटिका, कायदे, पुस्तके या सर्वांना त्रास. शिवाय त्यांच्याच गटातील एक झाड ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय पुष्प आहे. आफ्रिकेच्या बाजूने उत्तर आले ते असे की, ज्या झाडावरून नाव पडले त्याचेच नाव काढून घेणे हा कोठला न्याय? आफ्रिकेच्या माळरानाचे चित्र डोळ्यांपुढे येते ते छत्रीसारख्या पसरलेल्या काटेरी अकेशियांसह. त्या सर्वांचे नाव बदलावे लागणार.

समितीने प्रस्तावाला अनुकूल शिफारस केली. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय सभेत ती फेटाळण्यासाठी साठ टक्के मते हवी होती. फेटाळण्याच्या बाजूने ५४.९ टक्के पडली. अर्थात उपस्थितांपैकी अर्ध्याहून अधिक मते विरोधात असूनही प्रस्ताव टिकला. या पद्धतीवर पुढे सहा वर्षे टीका होत राहिली. पण २०११ साली मेलबर्नच्या सभेने तोच निर्णय कायम केला. सोयीच्या दृष्टीने निर्णय समर्थनीय आहे. परंतु कोणत्या बाजूची सोय पाहिली गेली, हे सभेचे आकडेच सांगतात. आज आपल्या रस्त्याकडेची ऑस्ट्रेलियन बाभूळ शास्त्राप्रमाणे अकेशिया आहे, आणि बाभूळ अकेशिया नाही.

मग बाभळीला नाव कोणते? व्हॅचेलिया निलोटिका. या व्हॅचेलियाची कथा गमतीची आहे. मद्रास सरकारच्या सेवेतील रॉबर्ट वाइट याने वॉकर-आर्नट याच्यासह १८३४ साली दक्षिण भारताच्या वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात एका सुवासिक फुलांच्या काटेरी झाडासाठी हे नवे घराणे मांडले. झाड मूळचे अमेरिकेचे, त्याच्या फुलांचे अत्तर फ्रान्समध्ये निघे, आणि नाव दिले ते मकाव येथील इंग्रज धर्मोपदेशक व्हॅचेल याचे. कारण त्याने चीनमधील वनस्पती गोळा केल्या होत्या. नवे घराणे तेव्हा कोणी फारसे मनावर घेतले नाही. दीडशेहून अधिक वर्षांनी बाभळीच्या गटाला उपलब्ध असलेले सर्वांत जुने नाव म्हणून तेच वर काढावे लागले. दख्खनचे झाड नव्याने ज्या नावाखाली गेले ते नाव निदान दक्षिण भारतावरच्या ग्रंथात जन्मले, हा योगायोगच. खैर आणि शिकेकाई यांना सेनेगॅलिया हे नाव मिळाले. आफ्रिकेतील जातींची नवी नावे २०१३ साली पद्धतशीर प्रसिद्ध झाली. मराठवाड्याच्या वनस्पतींवरील व्ही. एन. नाईक यांचा ग्रंथ १९९८ चा, म्हणजे व्हिएन्नापूर्वीचा. तो वापरणाऱ्याने ही फेरफार ध्यानात ठेवावी.

दक्षिण आफ्रिकेतील बाभूळ आणि लोह्याची बाभूळ एकच जाती खरी, पण हुबेहूब एक नव्हे. क्यू येथील ब्रेनन याने १९५७ साली या जातीच्या उपजाती नीट मांडल्या, त्या मुख्यतः शेंगेवरून. आपल्याकडची ती इंडिका : शेंग माळेसारखी, मखमली. ईजिप्तच्या बाजूची निलोटिका : शेंग माळेसारखीच, पण गुळगुळीत. दक्षिण आफ्रिकेतील क्राउसियाना, हे नाव नाताळमध्ये वनस्पती गोळा करणाऱ्या क्राउस या जर्मन निसर्गशास्त्रज्ञावरून. हिची शेंग आवळलेली नसते, तिच्या कडा नुसत्या नागमोडी असतात, आणि पिकल्यावर ती काळी होते. तिला गोड वास येतो, म्हणून तेथील डच वंशाचे शेतकरी आपल्या भाषेत तिला छान वासाची शेंग असेच म्हणतात. त्याच प्रदेशात बाभळीची इतर भावंडे आहेत. कारू नावाच्या ओसाड पठारावरून नाव पडलेली एक, फुले अगदी बाभळीसारखी, पण शेंग कोयत्यासारखी वाकडी व उकलणारी. कलाहारीच्या वाळूत उभी असणारी दुसरी, जिला इंग्रजीत उंटकाटा म्हणतात. वास्तविक तेथे उंटाचा संबंध नाही. डच भाषेत जिराफाला जे नाव होते त्यात उंट हा शब्द होता, आणि भाषांतर करणाऱ्याने अर्धाच शब्द घेतला.

उपजातींची ही दृष्टी आपल्या खेडुतांना नवी नाही. वऱ्हाडात आणि लगतच्या भागात बाभळीचे तीन प्रकार पूर्वीपासून ओळखतात. तेलिया ही उत्तम, लाकूड घट्ट व चिवट. कौडिया ही हलकी, साल जास्त खडबडीत. आणि रामकाठी, जिच्या फांद्या पसरत नाहीत, सरळ वर जातात, त्यामुळे झाड उभ्या केरसुणीसारखे दिसते. शास्त्रज्ञांनीही रामकाठीला स्वतंत्र उपजातीचा मान दिला आहे. सरूसारखी या अर्थाचे लॅटिन नाव तिला आहे. शास्त्रज्ञ शेंग पाहतो, सुतार लाकूड पाहतो. रामकाठीच्या बाबतीत दोघांचे एकमत झाले.

सुताराचे मत दुर्लक्षिण्यासारखे नव्हतेच. गाडीच्या चाकाचा तुंबा, आरे आणि पाटे, नांगराचे रुमणे, वखराचे आणि तिफणीचे दिंड, या सर्वांना बाभळीवाचून चालत नसे. लोहा-कंधार हा लाल कंधारी बैलांचा मुलूख. मार्गशीर्षाच्या अखेरीस माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत बैल, घोडे, गाढवे, उंट यांचा जो बाजार भरतो, त्याला एकेकाळी गावोगावच्या बैलगाड्या येत, आणि त्या गाड्यांची चाके बहुधा कोणत्या तरी बांधावरच्या बाभळीचीच असत. सालीतील तुरट द्रव्य चांभाराच्या कातडी कमावण्याला, डिंक बाळंतिणीच्या लाडूला, काटे कुंपणाला, कोवळी काडी दातवणाला. ट्रॅक्टर आला, रबरी चाके आली, आणि बांधावरची बाभूळ तोडली तरी कोणाचे अडेनासे झाले. तिच्या जागी वेडी बाभूळ आली आहे, जिच्या लाकडाचे आरे होत नाहीत.

उपजातींचा हा बारकावा म्हणजे पंडितांचा रिकामा उद्योग, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियात सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात क्वीन्सलँड प्रांतात मेंढ्यांना सावली व चारा मिळावा म्हणून बाभूळ नेऊन लावली. तिकडच्या गवताळ मैदानांत गुरांनी शेंगा खाल्ल्या आणि बी सर्वत्र नेले. आज साठ लाख हेक्टरांहून अधिक जमीन तिने व्यापली आहे. गवत मागे हटले आहे, आणि देशाच्या प्रमुख उपद्रवी तणांत तिची गणना होते. (उलटपक्षी ऑस्ट्रेलियातील एक अकेशिया दक्षिण आफ्रिकेत माजली आहे, तेव्हा देणेघेणे एकतर्फी नाही.) तिला आवर घालण्यासाठी तिच्या मूळ देशातून तिला खाणारे कीटक आणावेत असे ठरले. प्रारंभी पाकिस्तान, केनिया आणि दक्षिण आफ्रिका येथून कीटक नेले. आफ्रिकेतील एक पाने खाणारा पतंग किनाऱ्याच्या पट्ट्यात टिकला. पण आतल्या कोरड्या प्रदेशात, जेथे खरा उपद्रव होता, तेथे तो तग धरीना. मग झाडांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली आणि क्वीन्सलँडमधील बाभूळ मुख्यतः इंडिका उपजातीची, म्हणजे भारत-पाकिस्तानच्या बाजूची आहे असे निश्चित झाले. आफ्रिकेतील कीटक ज्या बाभळीवर वाढले होते ती हिची चुलत बहीण होती.

तेव्हा ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ २००८ सालापासून भारताकडे वळले. कोइमतूरच्या वनसंशोधन संस्थेच्या साहाय्याने बाभळीच्या राईतून फिरून त्यांनी पाने गुंडाळणारी अळी, खोडाला चिकटणारी खवलेकीड असे कीटक निवडले आणि ते क्वीन्सलँडच्या बंदिस्त प्रयोगशाळेत नेले. तेथे प्रत्येक कीटकाची परीक्षा घेताना एकच प्रश्न मुख्य होता : तो बाभूळ खाईल हे तर ठीक, पण ऑस्ट्रेलियाच्या हजार देशी अकेशियांना तोंड लावणार नाही ना? ज्या दोन गटांना नामकरणाच्या सभेने वेगळी नावे दिली, त्यांच्यातील अंतर किती आहे हे प्रयोगशाळेत त्या अळ्यांपुढे पानांच्या डहाळ्या ठेवून पाहावे लागत होते.